वन्यप्राणी आणि एक्झॉटिक क्लब काढायचाय, पण वर्षभर करायचं काय?

धनकवडीची_टिटवी

नमस्कार मंडळी. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात बीव्हीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर धनकवडीत, त्यामुळे शनिवार-रविवार बहुतेक पुण्यात असते. वन्यप्राण्यांच्या आणि एक्झॉटिक (ससे, पोपट, इग्वाना असे वेगळे पाळीव) प्राण्यांच्या वैद्यकात रस असलेल्या आम्ही आठ-दहा जणांनी मिळून कॉलेजात क्लब काढायचं ठरवलंय. सरांकडे गेलो. ते नाही म्हणाले नाहीत. "वर्षभरात काय करणार ते एका पानावर लिहून आणा, मग सही करतो," एवढंच म्हणाले. तिथेच घोडं अडलंय.

अमेरिकेतल्या कॉलेजांत असे क्लब असतात, त्यांचे व्हिडिओ बघून आम्ही यादी केली होती. डार्ट (लांबून मारायची भुलीची सुई) मारायला शिकणं, साप हाताळणं, घुबडाच्या पंखाला बँडेज बांधणं, प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरांबरोबर एक दिवस. रूममेटने यादी वाचली आणि विचारलं, "यातलं शिरवळमध्ये नक्की काय होणार आहे?" उत्तर नव्हतं. आमच्या दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री येतात. ससा आला तरी सगळी बॅच बघायला जमते. अभ्यासक्रमात वन्यप्राण्यांचा जो भाग आहे तो परीक्षेपुरता पाठ होतो आणि परीक्षेबरोबर जातो.

तर ज्यांनी असं काही चालवलंय किंवा या क्षेत्रात काम केलंय त्यांनी सांगा: सुरुवात कशापासून करावी? पुण्यातल्या रेस्क्यूवाल्यांकडे कसं जावं? कायद्याने कशाला हात लावायचा नाही? आणि वर्षाची फी किती ठेवावी? (शेवटचा प्रश्न आमच्या खजिनदाराचा. क्लब व्हायचाय, खजिनदार झालाय.)

इंटर्न_आहे_अजून

आमच्या कॉलेजात निघाला होता असा क्लब. लोगोत वाघ आला, टी-शर्ट छापले, ग्रुप फोटो झाला, मग परीक्षा आल्या. व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, दर शुक्रवारी कुणीतरी वाघाचा फोटो टाकतं. मला तेवढाच अनुभव. टी-शर्ट सगळ्यात शेवटी करा.

पशुवैद्य_सिंहगडरोड

टिटवी, तुझ्या सरांनी पान मागितलं हे फार चांगलं केलं. बहुतेक क्लब त्या पानाअभावीच बुडतात.

सिंहगड रोडला माझा दवाखाना आहे. कुत्री-मांजरं जास्त, पण ससे, कॉकटील, कासवं, इग्वाना हेही आता रोजचेच झालेत. वनविभागाने बोलावलं तर जातो. तेव्हा मत द्यायला हरकत नसावी. पुण्यात राहून मत न देणं तसंही जमत नाही.

पानावरून बिबट्या खोडा. डार्टही खोडा. त्या जागी लिहा: कोंबडी.

हसू नका. पुण्याच्या चारी दिशांना ब्रॉयलरची शेड आहेत आणि प्रत्येक शेडमध्ये रोजची थोडीफार मरतूक असतेच. शेडमालकाशी आणि कंपनीच्या सुपरवायझरशी आधी बोलून घ्या, पॅथॉलॉजीच्या सरांना बरोबर घ्या, आणि महिन्यातला एक शनिवार त्या मेलेल्या कोंबड्यांचं पीएम (शवविच्छेदन) करा. पक्षी उताणा ठेवायचा. पिसं साबणाच्या पाण्याने चिंब भिजवायची, नाहीतर पिसांची कूस नाकातोंडात जाते. दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला दाबून खुब्याचे सांधे निखळवायचे, म्हणजे पक्षी टेबलावर सपाट बसतो, हलत नाही. कातडी सोलायची, मग छातीचं हाड मागच्या टोकाकडून उचलायचं. अगदी सावकाश, कारण हा सगळा खटाटोप त्याच्या खाली जे दिसतं त्यासाठी आहे: हवेच्या पिशव्या. निरोगी पक्ष्यात त्या क्लिंग रॅपसारख्या नितळ असतात, नजर आरपार जाते आणि मध्ये काही आहे हे कळतही नाही. ई. कोलाय जिवाणूने धरलेल्या पक्ष्यात त्याच पडद्यावर पिवळट, चिकट पापुद्रा बसलेला असतो. फुप्फुसं बरगड्यांत रुतलेली, ती स्काल्पेलच्या दांड्याने सोडवून काढावी लागतात. मूत्रपिंडं कण्याच्या खोबणीत घट्ट बसलेली. अवस्कराजवळ (विष्ठा बाहेर पडते तिथे) बर्सा, म्हणजे रोगप्रतिकाराची छोटी पिशवी.

हे हाताने एकदा केलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. पक्ष्याला श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर होतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. म्हणून घार पकडताना घाबरून तिची छाती आवळलीत तर ती तुमच्या हातात गुदमरून मरेल, आणि तुम्ही म्हणाल शॉकने गेली. दंडाचं हाड पोकळ, हवेच्या पिशवीला जोडलेलं. त्यामुळे तिथलं हाड मोडून बाहेर आलं असेल तर जखमेत सलाइनची धार सोडायची नाही. ते पाणी थेट श्वसनसंस्थेत उतरतं. संक्रांतीला मांज्याने कापलेल्या घारी येतात तेव्हा या दोन गोष्टी माहीत असलेला विद्यार्थी मला हवा असतो. डार्ट मारता येणारा नको.

पथ्यं दोन. रात्रीत ढिगाने मरतूक झाली असेल तर पक्षी उघडायचा नाही, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं आणि शेडबाहेर थांबायचं. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, ते नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले गेले. कॉलेजचं टेबल ही त्याची जागा नव्हे. दुसरं, एका दिवसात दोन शेड करायची नाहीत, आणि शेडमध्ये जाऊन आलेल्याने लगेच कुठल्याही रेस्क्यू सेंटरातल्या शिकारी पक्ष्यांच्या पिंजऱ्यापाशी फिरकायचं नाही. मध्ये काही दिवस जाऊ द्या, बूट-एप्रन वेगळे ठेवा.

आणि गोठा सोडू नका. २०२५च्या जुलैमध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चितळं दगावली, निदान काय निघालं? लाळ्या-खुरकूत. २०१८मध्ये गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग सापडला. तोच रोग तुमच्या दवाखान्यात लस न टोचलेल्या पिल्लांत दिसतो. वाघाला होणारे खास वाघाचे रोग शोधत बसलात तर फारसं हाती लागणार नाही. गुराढोरांचे आणि कुत्र्यांचेच रोग कुंपणापलीकडे जातात, आणि ते ओळखायला ज्याने दोनशे गाईंची तोंडं उघडून पाहिलीत तोच लागतो.

कायद्याचं वेगळं लिहितो, पेशंट आलाय.

धनकवडीची_टिटवी

सर, मनापासून आभार. कोंबडीचं वाचून आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "पोस्टरवर ब्रॉयलर छापायचा का?" पण हवेच्या पिशव्यांचं वाचून मग सगळे गप्प झाले, कारण दुसऱ्या वर्षी आम्ही कोंबडी उघडली होती ती फॉर्मॅलिनमधली. तिच्यात पिशव्या वगैरे काही दिसल्या नव्हत्या. सगळं एकाच रंगाचं.

एक शंका. पीएम ठीक आहे, पण जिवंत प्राण्याला हात कधी लागणार? पुढे वन्यप्राण्यांत काम करायचं तर हाताळणी यायलाच हवी ना?

पशुवैद्य_सिंहगडरोड

आधी कायदा, मग हाताळणी.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा क्लबसाठी म्हणून सैल होत नाही. रस्त्यात जखमी घुबड सापडलं, खोलीवर आणलं, रात्रभर ड्रॉपरने पाणी पाजलं, हे क्लबच्या नावाखाली करायचं नाही. वनविभागाच्या १९२६ला फोन करायचा, खोक्याला भोकं पाडून अंधारात शांत ठेवायचं, त्यांच्या माणसाच्या किंवा ते सांगतील त्या केंद्राच्या ताब्यात द्यायचं. पाणी पाजायचं नाही. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, ड्रॉपरचं पाणी नेमकं तिथे जातं. आणि १९८४चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे: नोंदणी होईपर्यंत तुम्ही स्वतंत्रपणे उपचार करू शकत नाही. हॉस्टेलच्या खोलीत घुबड सापडलं तर क्लबच्या पानावरची सही तुमच्या सरांची आहे, हे लक्षात ठेवा.

'एक्झॉटिक पेट डे' वगैरे कुणाच्या डोक्यात असेल तर त्यातली मेख सांगतो. जाहिरात केलीत की पहिला माणूस पिंजऱ्यात मिठू घेऊन येईल, दुसरा बादलीत स्टार कासव. दोन्ही देशी. दोन्ही पाळणं गुन्हा. आणि तुम्ही त्यांच्याबरोबर सेल्फी काढून क्लबच्या पेजवर टाकलेला असणार. आफ्रिकन ग्रे, मकाव, बॉल पायथन, इग्वाना हे परदेशी, पण साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले; २०२४च्या नियमांप्रमाणे मालकाने त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. क्लबच्या पहिल्या सहा महिन्यांत कुणी एकाने हे नियम मराठीत, दोन पानांत, मालकांना कळतील असे लिहून काढले तर मी ते माझ्या वेटिंग रूममध्ये लावीन. हे खरंच सांगतोय.

आता हाताळणी. ससा. तुमच्या बॅचने ज्याच्याभोवती गर्दी केली तोच. पुण्यात घरोघरी ससे आहेत आणि बहुतेकांना बिस्किट, पोळी, गाजर घालतात. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. चावून झिजायला दिवसभर सुकं गवत लागतं. ते नाही मिळालं की दाढांना काटे येतात, गाल आणि जीभ कापते, ससा खाणं सोडतो, आतडं थांबतं, आणि मालक म्हणतात "काल रात्रीपर्यंत तर चांगला होता." काही हौशी लोक मोठ्या सशाला नुसता लसूणघास घालतात. वाढत्या पिल्लाला चालतो, पण मोठ्याला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीत गाळ साचतो. सशाला उलटी होत नाही, तेव्हा भूल देण्याआधी कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. तोंडाने अमॉक्सिसिलिन द्यायचं नाही, आतड्यातले जिवाणू कोलमडतात. हे सगळं कुत्र्याच्या उलट आहे, आणि म्हणून ससा हा एक्झॉटिकचा उत्तम शिक्षक. उचलताना मागचे पाय नेहमी हाताने आधारलेले. लटकते ठेवलेत तर तो अशी लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडतो.

इग्वाना तुम्हाला शिरवळमध्ये दिसणार नाही, पण महिन्यातून एकदा दोघेजण माझ्या दवाखान्यात येऊन बसा. परवाच एक आणला होता. काचेच्या टाकीत साध्या पिवळ्या बल्बखाली वाढवलेला. खालचा जबडा बोटाने दाबला तर वाकला. यूव्हीबी (अतिनील) प्रकाश नाही, खाण्यात कॅल्शियम नाही, मग शरीर हाडातून कॅल्शियम ओढून घेतं. मालक भला माणूस, सगळी माहिती इंटरनेटवरून घेतलेली. त्याला रागवून उपयोग नाही. बल्ब बदलायला लावला.

आणि रेबीजची लस. आधीची घेतली नसेल तर क्लबच्या सभासदत्वाची पहिली अट तीच ठेवा. ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी असे तीन डोस असतात. वटवाघूळ, मुंगूस, कोल्हा सोडा, तुमच्या दवाखान्यातलं लाळ गाळणारं वासरूही पुरे आहे.

डेक्कनपासून_दूर

मी मूळची पुण्याची, सध्या अमेरिकेत एका पशुवैद्यकीय कॉलेजात संशोधनाला आहे. टिटवीने पाहिलेल्या व्हिडिओतल्या क्लबांबद्दल थोडं.

डार्टचा दिवस वर्षातून एखादा, आणि त्यात गवताच्या गठ्ठ्यावर रिकामे डार्ट मारतात. फोटो त्याचेच निघतात म्हणून तुम्हाला तेच दिसतं. बाकी वर्षभर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी डॉक्टर येऊन केस सांगतात, फुकट पिझ्झा असतो, पिझ्झासाठी आलेले पण शेवटी प्रश्न विचारतात. वेट लॅब (हाताने करायची प्रात्यक्षिकं) होतात त्या मृत पक्ष्यांवर आणि सरड्यांवर: नळी घालणं, हाडात सुई घालणं, पंखाला आठ आकड्याचं बँडेज. अमेरिकन असोसिएशन ऑफ झू व्हेटरिनेरियन्स, पक्षी-वैद्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वैद्यांची संघटना, यांचं विद्यार्थी सभासदत्व वेगळं असतं. इंटरनॅशनल व्हेटरिनरी स्टुडंट्स असोसिएशन १९५१पासून आहे, तिच्यामार्फत देशोदेशीचे विद्यार्थी एकमेकांकडे जातात. ते भारतातूनही बघा.

एक गैरसमज मात्र काढा. इथे क्लबमध्ये होतीस म्हणून झू-व्हेट झालीस असं नसतं. चार वर्षांची पदवी, तीही आधीच्या कॉलेजशिक्षणानंतर, मग एक-दोन इंटर्नशिप, मग रेसिडेन्सी (त्या विषयातलं तज्ज्ञाचं प्रशिक्षण), मग अमेरिकन कॉलेज ऑफ झूऑलॉजिकल मेडिसिनची परीक्षा. ती संस्था १९८३ची. जागा इतक्या कमी की वर्गातली हुशार मुलंही शेवटी कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात जातात, आणि तिथे ससे-पोपट बघतात. सिंहगड रोडच्या डॉक्टरांचं आयुष्य इथल्या निम्म्या क्लबवाल्यांचं आयुष्य आहे.

पशुवैद्य_सिंहगडरोड

फुकट पिझ्झा सोडून.

उसाच्या_कडेला

मी डॉक्टर नाही. जुन्नर भागात वनखात्यात आहे. बिबट्याचं निघालं म्हणून लिहितो.

ऊसतोडणी सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. आई आसपासच असते, तोडणीच्या आवाजाने सरकलेली. टोळीतला माणूस आम्हाला फोन करतो. डॉक्टर येतात, बछडे तपासतात, गोचीड काढतात, पाणी कमी झालं असेल तर सलाइन देतात, चिप बसवतात. संध्याकाळी जिथे सापडले त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायचे, कॅमेरे लावायचे आणि सगळ्यांनी लांब जायचं. बहुतेक वेळा मादी रात्रीत येते, एकेक करून तोंडात धरून नेते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, वाइल्डलाइफ एसओएस आणि वनखातं मिळून चालवतात, तिथले डॉक्टर हे काम करतात.

विद्यार्थी आले की पहिला प्रश्न "हात लावू का?" आणि दुसरा "रात्री थांबू का?" दोन्ही नको. माणसांची गर्दी असली की मादी येत नाही आणि मग बछडे कायमचे पिंजऱ्यात जातात. तुमच्या क्लबला खरंच काही करायचं असेल तर तोडणी सुरू व्हायच्या आधी टोळ्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जा. बछडा दिसला तर उचलायचा नाही, फोन कुणाला, लेकरांना फडाच्या कडेला एकटं झोपवायचं नाही, हे समजावून सांगायला माणसं लागतात. वनरक्षक एकटा कुठंकुठं जाणार. आणि तुम्ही पशुवैद्यकीची मुलं, बैलाचा खांदा सुजलाय तो बरोबरच्या डॉक्टर सरांना बघायला लावलात की मग टोळीवाले तुमचं ऐकतील. आधी बैल, मग बिबट.

पशुवैद्य_सिंहगडरोड

वरच्या साहेबांनी लिहिलंय ते माझ्या चार पोस्टींपेक्षा मोलाचं आहे. त्याला जोडून क्लबच्या वाचनासाठी एक सुचवतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले होते. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याशी त्याचा संबंध कसा लागतो हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये शोधनिबंधात मांडलं. तो सगळ्यांनी वाचा आणि मग एका बैठकीत भांडा. पिंजरा लावा म्हणणारा सरपंच एकाने व्हायचं, वनाधिकारी एकाने, डॉक्टर एकाने. भूल द्यायची की नाही हा निर्णय डॉक्टर एकटा कधीच घेत नाही, हे तिथे कळेल.

भुलीचं विचारणारे आहेतच, म्हणून: केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे. त्याचा हिशेब मिलिलिटरपर्यंत द्यावा लागतो. क्लबच्या कपाटात ते कधीही नसावं. झायलाझीनबरोबर कसं देतात, उतारा कशाचा, चितळाला पळवून-पळवून पकडलं तर स्नायू फाटून दोन दिवसांनी का मरतं, हे सगळं फळ्यावर शिकता येतं. प्रात्यक्षिक हवंच असेल तर वनविभागाचे डॉक्टर तयार असतील तेव्हा, रिकामा डार्ट, पोत्यावर.

बिबवेवाडीची_आई

माझी मुलगी बारावीला आहे, नीट देतेय, आणि तिला 'वाइल्डलाइफ व्हेट'च व्हायचंय. मी हा धागा तिला दाखवणार आहे, पण आधी एक विचारते, राग मानू नका. यात नोकरी आहे का?

पशुवैद्य_सिंहगडरोड

ताई, राग कसला, हा पहिला प्रश्न असायला हवा.

साडेपाच वर्षांची पदवी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. सरकारी वाट म्हणजे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी. त्यातले काही पुढे प्रतिनियुक्तीवर वनविभागात जातात. बाकी प्राणिसंग्रहालयं, निवारा केंद्रं, संस्था, यांत जागा थोड्या, बऱ्याच कंत्राटी, पगार बेताचे. पदव्युत्तर शिक्षणासाठी बरेलीच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वन्यप्राणी विषय आहे. आपल्याच माफसू या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. तिला पदवीनंतर पोट भरायला गाय, कुत्रा, कोंबडी यातलं काहीतरी नीट आलंच पाहिजे. ते आलं तर ती उपाशी राहणार नाही, आणि वन्यप्राण्यांचं काम आलं की सोडावंही लागणार नाही. जिला फक्त वाघच बघायचाय तिला सफारी स्वस्त पडेल.

धनकवडीची_टिटवी

आजी-माजी सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री बसून पान लिहिलं. असं झालंय:

क्लबमध्ये येणाऱ्याची रेबीजची लस पूर्ण हवी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पॅथॉलॉजीच्या सरांबरोबर कुक्कुट शवविच्छेदन, प्रत्येकाने आपापल्या पक्ष्याचा अहवाल लिहायचा, फोटो पेजवर टाकायचे नाहीत. चौथ्या शनिवारी एक शोधनिबंध, पहिला २०११चा जुन्नरचा. पाळीपाळीने दोघेजण सिंहगड रोडच्या दवाखान्यात. संक्रांतीच्या आधी बावधनला रेस्क्यू ट्रस्टच्या लोकांना पत्र, की वनविभागाबरोबर तुमचं जे उपचार केंद्र चालतं त्यात आम्हाला भांडी घासायला, टॉवेल धुवायला, नोंदवह्या लिहायला घ्याल का. हाताळणी मागणार नाही. तोडणीच्या आधी जुन्नरला, साहेब म्हणतील तेव्हा, सरांना घेऊन. एक्झॉटिकच्या नोंदणीचं मराठी पत्रक मार्चपर्यंत, ते माझ्याकडे.

डार्ट काढला. बॅचमधल्या दोघांनी त्यावरून राजीनामा दिला, क्लब सुरू व्हायच्या आधीच. एक जण परत आला, म्हणाला सशासाठी येतो.

खजिनदार विचारतोय फी शंभर ठेवू का. गमबूट आणि एप्रन ज्याचे त्याने आणायचे. शंभरात हातमोजे, साबण, नमुन्यांच्या डब्या आणि फॉर्मॅलिन.

पशुवैद्य_सिंहगडरोड

शंभर ठीक. बावधनच्या पत्रातलं टॉवेलचं वाक्य तसंच राहू दे, त्याच वाक्यावर आत घेतील. एक किचनचा डिजिटल वजनकाटा यादीत घाला, ग्रॅममध्ये दाखवणारा. पीएमच्या आधी प्रत्येक पक्ष्याचं वजन अंदाजाने सांगायचं, मग काट्यावर ठेवायचं. घार सहाशे ग्रॅमची की नऊशेची हे डोळ्यांना कळत नाही आणि औषध वजनावरच जातं.

फॉर्मॅलिन विकत घेऊ नका, पॅथॉलॉजीत मागा.

धनकवडीची_टिटवी

सर, तुकडे किती मोठे घ्यायचे? मागच्या वर्षी आमचे सगळे आतून कुजले होते.

पशुवैद्य_सिंहगडरोड

अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या किमान दहापट. डबी रुंद तोंडाची घ्या. कडक झालेला तुकडा अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. लेबल डबीवर लावा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.